रन-फ्लॅट काढले, साधे टाकले: नागपुरातल्या झेड४चा टायर रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो मग कारणं, कारण टायर बदलायची वेळ आलेल्या माणसाला पूर्ण वाचायचा धीर नसतो. नागपुरात राहून तुम्ही स्पोर्ट्स कार हौसेसाठी चालवत असाल तर रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर, काढा आणि चांगले साधे टायर टाका, गाडीत स्टेपनी नसली तरी टाका, फक्त डिकीत पंक्चरचं सामान आणि व्हॉल्व्हवर प्रेशरचे सेन्सर हे दोन्ही पाहिजे म्हणजे पाहिजेच. याला एक अपवाद आहे, तो समृद्धी महामार्गाचा, आणि तो लहान नाहीये, त्याच्यावर खाली बरंच लिहिलंय.

गाडी बीएमडब्ल्यू झेड४, ई८९ मॉडेल, ३५आय, म्हणजे पत्र्याचं छप्पर दुमडून डिकीत जातं ती. सेकंड हँड घेतलेली. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, ३०६ हॉर्सपॉवर, सगळी ताकद मागच्या चाकांना. टायर पुढे २२५/४० आर१८ आणि मागे २५५/३५ आर१८, म्हणजे क्रमाने रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची त्या रुंदीच्या किती टक्के आणि चाक किती इंची. हे आकडे नुसते वाचून सोडू नका, त्यातच सगळी गोष्ट आहे, २५५ च्या ३५ टक्के म्हणजे मागच्या टायरच्या साइडवॉलची, म्हणजे बाजूच्या भिंतीची, उंची जेमतेम ८९ मिलिमीटर, पुढच्याची ९०. रस्ता आणि डिस्क, म्हणजे टायर ज्या धातूच्या चाकावर बसतो ते, यांच्यामध्ये तेवढंच काय ते रबर, आणि ते रबर कडक पाहिजे की मऊ पाहिजे एवढाच हा वाद आहे.

ही गाडी कंपनीतूनच रन-फ्लॅटवर यायची, स्टेपनी नाही, आणि स्टेपनी ठेवायची म्हटली तर जागा पण नाही. छप्पर वर असताना डिकी ३१० लिटर, छप्पर आत गेलं की १८० उरते, त्यात एक सॉफ्ट बॅग आणि पाण्याच्या बाटल्या, बस. बरं समजा मागची सगळी डिकी अडवून चाक ठेवलंच तर ठेवायचं कोणतं, पुढचं की मागचं, दोघांचं माप वेगळं. पुढचे-मागचे अदलाबदल करून झीज सारखी करणं हे पण त्यामुळेच होत नाही. म्हणून रन-फ्लॅट देण्यामागे कंपनीचा विचार काय होता ते मला समजतं, आणि ज्यांना वाटतं की कंपनीने दिलंय ते बदलू नये त्यांचंही मी ऐकून घेतो.

रन-फ्लॅट म्हणजे आत काही जादू नाहीये. आपल्याकडे जे मिळतात त्यात साइडवॉलमध्ये आतून उष्णता सहन करणाऱ्या रबराचा जाड थर दिलेला असतो, हवा पूर्ण गेली तरी ती जाड भिंत गाडीचं वजन तोलून धरते आणि टायरची कड डिस्कवरून सुटत नाही. डिस्क पण त्यासाठी वेगळ्या असतात, कडेला आतल्या बाजूने जास्त उंचवटा असतो, त्याला ईएच२ म्हणतात. अशा डिस्कवर साधा ट्यूबलेस टायर बसतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मग उगाच डिस्क बदलायच्या गोष्टी सुरू होतात. सेकंड हँड गाडी घेताना टायर कोणते आहेत ते साइडवॉलवर वाचून घ्या, प्रत्येक कंपनीची खूण वेगळी, ब्रिजस्टोन आरएफटी लिहितं, मिशेलिन झेडपी, गुडइयर आरओएफ, कॉन्टिनेंटल एसएसआर, मर्सिडीजसाठी बनवलेल्यावर एमओई असतं. काही गाड्यांमध्ये आधीच्या मालकाने दोन रन-फ्लॅट दोन साधे असं मिक्स करून ठेवलेलं असतं, तसं असेल तर बाकी काही करायच्या आधी ते एकसारखे करा, एकाच एक्सलवर दोन वेगळे टायर म्हणजे ब्रेक मारल्यावर गाडी कुठे जाईल याचा भरवसा नाही.

आता वचन काय असतं तर हवा शून्य झाल्यावर ताशी ८० च्या वेगाने ८० किलोमीटर. हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. पण तो आकडा ज्या देशांत ठरला तिथे ८० किलोमीटरच्या आत असं दुकान मिळतं की ज्याच्याकडे तो टायर, त्या मापाचा, स्टॉकमध्ये असतो किंवा उद्या सकाळी येतो. आपण नागपूरहून निघालो की ८० किलोमीटरमध्ये काय मिळतं ते पाहा. जबलपूर रोडने मनसर, देवलापार, पुढे खवासा, सगळा पेंचच्या जंगलाचा पट्टा. छिंदवाड्याकडे गेलो तर सावनेर आणि पुढे सौंसर. चंद्रपूरकडे गेलो तर जांब. या सगळ्या गावांत पंक्चरवाला मिळतो, चांगला मिळतो, ट्रकचे टायर खोलून खोलून हात बसलेला असतो त्यांचा, पण २५५/३५ आर१८ रन-फ्लॅट? तो नागपुरात तरी पटकन कुठे मिळतो. म्हणजे रन-फ्लॅट मला घरी आणतो, हे खरं, पण नंतर गाडी घरी उभी राहते टायर येईपर्यंत.

आणि टायर लागतोच, कारण हवा नसताना चाललेला रन-फ्लॅट दुरुस्त करू नका असंच बहुतेक कंपन्या सांगतात. कारण साधं आहे, वजन सगळं साइडवॉलवर येतं, ती आतून तापते, रबर आतून झिजतं आणि ते बाहेरून दिसत नाही. माझा मागचा डावा गेला तेव्हा असंच झालं. वाडीला अमरावती रोडवरच्या एका जुन्या टायरवाल्याकडे नेला, काकांनी मशीनवर खोलला, आत हात घालून काळा भुगा काढून माझ्या हातावर ठेवला.

“पाहा भाऊ, हे आतलं रबर आहे. खिळा तर मी काढून देतो, मशरूम पण लावतो, पण हा टायर आता तुम्ही शंभरच्या वर नेसान तर जबाबदारी माही नाही.”

“काका, बाहेरून तर नवा दिसून राहिला ना.”

“बाहेरून दिसतेच ना. म्हणूनच तर धोका आहे.”

मशरूम म्हणजे आतून भोक बुजवायचा पॅच. खिळा छोटासा होता, नेमका ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या, मधोमध, साध्या टायरमध्ये असता तर अर्ध्या तासात काम झालं असतं. तो टायर फेकावा लागला. त्याच्या आधी दुसऱ्या एका दुकानात गेलो होतो तिथे हेल्पर आर्म, म्हणजे टायरची कडक कड दाबून धरणारा जादा हात, असलेलं मशीन नव्हतं, पोरगा थेट टॉमी म्हणजे लोखंडी कांब घेऊनच आला, ती कडक कड टॉमीने उचलायला गेलात तर डिस्कवर ओरखडे ठरलेले आणि कड फाटायची भीती वेगळी, म्हणून मी तिथून गाडी काढली. रन-फ्लॅट वापरणार असाल तर आपल्या शहरात असं मशीन कोणाकडे आहे ते आधी शोधून ठेवा, रात्री नऊ वाजता शोधायला लागू नका.

अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. रन-फ्लॅटची हवा गेली तर ते डोळ्यांना कळत नाही. साधा टायर बसतो, लाथ मारली तरी समजतं, हा उभाच राहतो. म्हणून प्रेशर सांगणारी सिस्टीम नसेल तर रन-फ्लॅट लावूच नये असा नियम आहे. माझ्या गाडीत जी सिस्टीम आहे ती खरं प्रेशर मोजतच नाही, ती एबीएसच्या सेन्सरवरून चाकं किती फिरतात ते बघते, हवा कमी झाली की चाकाचा घेर कमी होतो, ते चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतं, त्यावरून अंदाज लावते. चारही टायरमधली हवा हळूहळू सारखीच कमी झाली तर तिला फरक दिसणार नाही. पंपावर हवा चेक करायला गेलो आणि दिसायला ठणठणीत असलेल्या टायरमध्ये निम्मी पण हवा नाही हे मी पाहिलेलं आहे, आणि गाडी तशीच अजनी ते सदर रोज चालत होती.

आता रस्त्यांवर येतो, कारण नागपूरचे रस्ते हा या रिव्ह्यूचा अर्धा भाग आहे. आपल्याकडे आतले बरेच रस्ते सिमेंटचे झाले, सरळ चालवायला छान आहेत, पाऊस पडला तरी उखडत नाहीत, त्याबद्दल मला तक्रार नाही. पण सिमेंट रोडला जोड असतात, चेंबरची झाकणं कुठे खाली कुठे वर असतात, सिमेंट संपून डांबर सुरू होतं तिथे चार बोटांची पायरी असते, आणि कडेला गट्टू लावलेले असतात ते कुठेकुठे खचलेले असतात. रन-फ्लॅटवर हे सगळं पाठीच्या कण्यात मोजता येतं. चपलेऐवजी लाकडी खडावा घालून खडीवरून चालल्यासारखं. शिवाय दुमडणाऱ्या छपराची गाडी, प्रत्येक जोडावर छपराच्या बिजागऱ्यांमधून कुरकुर, काचांमधून खडखड, वर्धा रोडने छत्रपती चौकापर्यंत जाईस्तोवर म्युझिक सिस्टीम बंद करून मी आवाज कुठून येतोय तेच ऐकत बसायचो.

पण मला आरामापेक्षा डिस्कची काळजी जास्त. रन-फ्लॅट गड्ड्यात गेल्यावर साइडवॉल दबत नाही, म्हणजे दणका कोणालातरी खायचाच असतो, तो डिस्क खाते किंवा सस्पेन्शन खातं. आतल्या बाजूची कड वाकते, कधी बारीक चीर जाते, आणि मग हवा रोज थोडी थोडी कमी होत राहते आणि माणूस खिळा शोधत बसतो. मागची एक डिस्क अशी माझी गेली, पावसाळ्यात पाण्याने भरलेला गड्डा, वेग फार नव्हता. साधा टायर असता तर डिस्क वाचलीच असती असं मी छातीठोक सांगणार नाही, इतक्या कमी उंचीच्या साध्या टायरला अशा दणक्याने साइडवॉलला फुगा येतो आणि तो टायर मग बदलावाच लागतो. पण टायर बदलणं आणि बीएमडब्ल्यूची १८ इंची डिस्क बदलणं यातला फरक ज्याने भरलाय त्याला विचारा.

वजनाचं पण आहे. त्याच मापाचा रन-फ्लॅट साध्यापेक्षा जड असतो, साधारण १० ते २० टक्के धरा, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं, चाकासोबत वर-खाली होणारं आणि फिरणारं. स्पोर्ट्स कारमध्ये इंजिनिअर तिथलं एकेक किलो कमी करायला ॲल्युमिनियमचे आर्म लावतात आणि आपण तिथेच जाड रबर भरतो.

मात्र रन-फ्लॅट म्हणजे स्पोर्ट्स कारला चालतच नाही असं म्हणणाऱ्यांशी पण माझं पटत नाही. निस्सान जीटी-आर आर३५, २००७ पासून, सुरुवातीपासून रन-फ्लॅटवरच आहे, २० इंची, आणि ती गाडी ट्रॅकवर काय करते हे सगळ्या जगाने पाहिलंय. पण तिथे सस्पेन्शनच त्या टायरला धरून बनवलं. शेवरलेने १९९७ च्या सी५ कॉर्व्हेटला रन-फ्लॅट दिले आणि स्टेपनी काढून टाकली, पण २००१ मध्ये त्याच गाडीची जास्त तिखट आवृत्ती झेड०६ काढली तेव्हा वजन वाचवायला साधे टायर दिले आणि सोबत हवा भरायचा किट. बीएमडब्ल्यू स्वतःच्या सगळ्यात तिखट गाड्यांना, एम३ला, एम५ला रन-फ्लॅट देत नाही. पोर्श पण ९११ मध्ये सीलंट, म्हणजे आतून भोक बुजवणारा द्रव, आणि हवा भरायचा कॉम्प्रेसरच देते. ज्यांना गाडी कोपऱ्यात कशी वळते याची सगळ्यात जास्त पडलेली आहे ते लोक काय निवडतात हे यावरून दिसतं, आणि माझ्या निर्णयात या गोष्टीचं वजन बरंच होतं.

आता समृद्धी. ७०१ किलोमीटरचा रस्ता, आपल्या शिवमडक्यापासून सुरू, डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंतचा ५२० किलोमीटरचा भाग उघडला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी ते आमणे तुकडा झाला. कारला १२० ची मर्यादा. सगळा सिमेंटचा, सरळ, लांब, आणि मे महिन्यात दुपारी नागपूर ते कारंजा या पट्ट्यात हवेचंच तापमान ४५ च्या वर असतं तर रस्त्याचं काय असेल. समृद्धीवर टायर फुटून झालेले अपघात आपण सगळ्यांनी बातम्यांत वाचले आहेत आणि काहींनी आपली माणसं गमावली आहेत, म्हणून याच्यावर हलकं बोलणं मला जमत नाही.

१२० च्या वेगात मागचा टायर एकदम बसला तर साध्या टायरची कड डिस्कवरून सुटू शकते, मागच्या चाकांना ताकद असलेली हलकी छोटी गाडी मागून फिरते, आणि मग तुमच्या हातात फार काही उरत नाही. रन-फ्लॅटमध्ये त्या क्षणाला गाडी सरळ राहते. हा त्याचा खरा फायदा आहे, ८० किलोमीटर वगैरे नंतरचं. दुसरा फायदा असा की तुम्हाला तिथे थांबावं लागत नाही. रात्री समृद्धीच्या कडेला वाकून टायरचं काम करणं, मागून ट्रक येताहेत, ड्रायव्हरच्या डोळ्यावर झोप आहे, हे काम मी कोणालाच करायला सांगणार नाही. रन-फ्लॅट असेल तर ताशी ८० च्या आत, डाव्या लेनने, पुढच्या इंटरचेंजला उतरून उजेडात, माणसांत जाऊन थांबता येतं. हे मी मनापासून मान्य करतो.

मग तरी मी साधे का टाकले? कारण टायर फुटण्यामागची कारणं जेव्हा टायरच्या कामातल्या माणसांकडून समजून घेतली तेव्हा चित्र वेगळं दिसलं. खिळा लागला म्हणून ट्यूबलेस टायर एकदम बसतो असं फार क्वचित होतं, खिळा तिथेच अडकून राहतो आणि हवा हळू जाते. फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेवर तासन् तास पळालेला टायर, जुना टायर, किंवा जास्त वजन भरलेला. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात जास्त मुडपते, मुडपली की तापते, तापत तापत आतले थर सुटतात. म्हणजे उन्हाळ्यात “हवा थोडी कमी ठेवा, गरम होऊन वाढते” हा जो सल्ला आपल्याकडे पंपावर सुद्धा मिळतो तो उलटा आहे. तापमान साधारण ५-६ डिग्री वाढलं की प्रेशर एक पीएसआयने वाढतं, बरोबर, पण गाडीवरच्या स्टिकरवर हवेचा जो आकडा दिलेला असतो तो थंड टायरसाठीचा असतो आणि ती वाढ धरूनच तो दिलेला असतो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत पण मी आकडा कमी करत नाही. नायट्रोजनबद्दल पण विचारतात, भरायचा तर भरा, पण साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, तो भरला म्हणून प्रेशर बघायचं सोडू नका.

आणि रन-फ्लॅट पण रबरच आहे. हवा कमी असताना कळलं नाही आणि १२० ने पळत राहिला तर तो पण आतून जळतो, मोठा कट गेला किंवा ट्रेडच सुटून आला तर तो पण काही करू शकत नाही. म्हणून मी पैसे जिथे फरक पडतो तिथे टाकले, व्हॉल्व्हवर बसणारे सेन्सर आणि डॅशबोर्डवर छोटा सोलर डिस्प्ले, तो चारही चाकांचं प्रेशर आणि तापमान वेगवेगळं दाखवतो. हवा दोन-तीन पीएसआयने कमी झाली तरी कळतं, म्हणजे फुटण्याच्या खूप आधी. आणि ही गाडी घेऊन मी समृद्धीवर रात्री जात नाही, दिवसा जातो, निघायच्या आधी थंड टायरवर हवा बघून.

पण हा माझा हिशोब झाला, सगळ्यांचा नाही. आमच्या वहिनी डॉक्टर आहेत, सेवाग्रामला ड्युटी, वेळीअवेळी एकट्या नागपूर-वर्धा करतात, त्यांची सेडान पण रन-फ्लॅटवर आहे. माझी गाडी बघून त्या म्हणाल्या, “भाऊजी, माझे पण बदलून द्या ना, फार आदळते हो.” मी नाही म्हटलं. सांगितलं, वहिनी तुमची राइड दिवसाढवळ्या हौसेची नाहीये, रात्री दोनला बुटीबोरीच्या पुढे पंक्चर झालं तर तुम्ही खाली उतरायचं नाही, सरळ चालवत घरी किंवा हॉस्पिटलला यायचं, तेवढ्यासाठी हे धक्के सहन करा. शिवाय त्यांच्या टायरचं माप १७ इंची, साइडवॉल उंच, मिळायला पण सोपं, चारही सारखे. अशा वापराला रन-फ्लॅटच. हौसेच्या दोन सीटरला हा नियम लावू नका आणि दोन सीटरचा त्यांना लावू नका.

आता साध्या टायरचा रिव्ह्यू. मी मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ टाकले, त्याच मापात, एक्सएल म्हणजे जास्त वजन पेलणारे, वेगाची खूण वाय म्हणजे ताशी ३०० पर्यंतचे. रन-फ्लॅटवरून साध्यावर येताना एक्सएलच घ्या असं माझं ठाम मत आहे, कारण गाडीचे शॉकअप कडक साइडवॉल धरून बनवलेले आहेत, एकदम मऊ टायर टाकला तर गाडी वर तरंगल्यासारखी वाटते. एक्सएलवर पण थोडं तसं झालं, पहिल्या काही दिवसांत मोठ्या उंचवट्यावरून उतरताना मागचा भाग एक हेलकावा जास्त घ्यायचा. स्टीअरिंग वळवल्याबरोबर नाक फिरायचं ते पण थोडं संथ झालं. हे दोन्ही तोटे खरे आहेत आणि ज्याला स्टीअरिंगची ती पहिली चपळाई आवडते त्याला हे खटकेल.

पण त्या पहिल्या क्षणाच्या पुढे जे मिळतं त्यासाठी मी तो तोटा आनंदाने घेतला. चिखलदऱ्याला गेलो, अमरावती परतवाडा करत, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. परतवाड्यानंतर घाट लागतो, रस्ता अरुंद, वळणांवर डांबर खडबडीत, कुठे बारीक खडी आलेली. रन-फ्लॅटवर असताना वळणाच्या मधे खडबड आली की मागचं चाक उडायचं, जमिनीवर टेकायचं, पुन्हा उडायचं, ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे चाक घसरू न देणाऱ्या सिस्टीमचा, दिवा लुकलुकत राहायचा आणि मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचो. साध्यावर चाक त्या खडबडीवरून वाहत जातं, जमीन सोडत नाही, वळणाच्या मधूनच पाय दाबायला सुरुवात करता येते. पकड सुटायला आली तर आधी सांगून सुटते, सीटखाली जाणवतं, वेळ मिळतो. इंजिन तेच, ३०६ हॉर्सपॉवर त्याच, पण आता त्या वापरता येतात. सिमेंटच्या जोडांवर स्टीअरिंग रेषेच्या मागे ओढलं जायचं ते जवळजवळ बंद झालं. छपराची कुरकुर निम्म्याच्या खाली आली, याची तर मी अपेक्षा पण केली नव्हती.

ओल्या रस्त्यावर ब्रेक खूपच सुधारले, पण याचं सगळं श्रेय साधा असण्याला देणं बरोबर नाही, माझे आधीचे रन-फ्लॅट जुने होते, नागपूरच्या उन्हात उभी राहणारी गाडी, रबर घट्ट झालेलं. नवा रन-फ्लॅट लावून तुलना केली तर अंतर कमी दिसेल. पण पुन्हा तेच, नवा रन-फ्लॅट आणायचा कुठून. जून २०२० पासून बाहेरून टायर आणायला सरकारचं लायसन्स लागतं, आधी मोकळं होतं, आणि इथे या मापाचे रन-फ्लॅट विकले जातात तेवढे की दुकानदार स्टॉक ठेवतच नाहीत. साध्यामध्ये निदान दोन-तीन कंपन्यांचे पर्याय समोर येतात. किंमत पण साध्याची बरीच कमी.

डिकीत काय ठेवतो ते सांगतो. सिगारेट लायटरवर चालणारा कॉम्प्रेसर, तारेच्या सुईचा प्लग किट म्हणजे ज्याला आपले पंक्चरवाले काडी म्हणतात, पक्कड, हातमोजे, टॉर्च, रिफ्लेक्टरचा त्रिकोण, आणि एक सीलंटची बाटली. सीलंट मी सगळ्यात शेवटी वापरेन, कारण तो आत पसरला की टायरवाल्याला साफ करत बसावं लागतं, आणि साइडवॉलच्या कटवर तो चालतच नाही. त्याच्या बाटलीवर एक्सपायरी असते, आपल्या उन्हात तापणाऱ्या डिकीत ती तारीख गंभीरपणे घ्या. ट्रेडमधला खिळा प्लगने दहा-पंधरा मिनिटांत होतो, तोच टायर नंतर दुकानात खोलून आतून मशरूम लावून घ्यायचा. कट मोठा असेल किंवा साइडवॉलला असेल तर यातलं काहीच कामाचं नाही, मग गाडी उचलून न्यायला फ्लॅटबेडच, रोडसाइड असिस्टन्सची पॉलिसी चालू ठेवा. कायद्याचं विचारणाऱ्यांसाठी, जुलै २०२० च्या नियमाप्रमाणे कारमध्ये ट्यूबलेस टायर, प्रेशर सांगणारी सिस्टीम आणि रिपेअर किट असेल तर स्टेपनीची सक्ती नाही.

बसवताना एवढं पाहा. चारही एकदमच बदला, दोन आता दोन पुढच्या वर्षी असं नको. साइडवॉलवर चार आकडी डॉट कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष, मला एका दुकानात दोन टायर नवे आणि दोन बरेच जुने असा सेट लावायला काढला होता, मी परत पाठवला. आतल्या-बाहेरच्या बाजूची खूण बघा, हे टायर उलटे लागले तर पावसात कळतं. बॅलन्सिंगची वजनं डिस्कच्या आतून चिकटवायला सांगा. अलाइनमेंट चारही चाकांची करा, मागची पण, कारण रन-फ्लॅटवर गड्डे खाल्लेल्या गाडीचं मागचं कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, बहुतेक हललेलं असतं, माझं होतं. मग गाडीची स्वतःची प्रेशर सिस्टीम मेनूत जाऊन रीसेट करा, नाहीतर ती जुन्या टायरचा घेर धरून खोटा इशारा देत राहते. आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोर लावू नका, नव्या टायरवर तो साच्यातून सुटावा म्हणून लावलेला निसरडा थर असतो तो घासून जाईपर्यंत पकड येत नाही. सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्सच्या बाजूला सकाळी रमतगमत फिरवा, तेवढ्यात होतं ते.